जाड पायांची अक्षरं

सोमवार, ३ जून

दवाखान्याचं पत्रक आज छापून झालं. मथळा मी लावला, जाड टाइपात. खालच्या बारीक ओळी भागीदाराने. छापखाना काढला तेव्हापासून वाटणी हीच – चौथीपर्यंत शिकलेल्याने मोठी अक्षरं लावावीत, मॅट्रिकवाल्याने लहान.

तो म्हणाला, "अरे, दवाखाना आहे, लिलाव नाही. पेशंट घाबरतील."

घाबरू देत. या टाइपाचा प्रत्येक दांडा खाली चौकोनी पायावर उभा असतो, पहिलवानाने पाय रोवावेत तसा. 'रस्ता बंद', 'कुत्र्यापासून सावध' – हे दुसऱ्या अक्षरांत लिहिलं तर कोण ऐकेल? बाकीचे टाइप चवड्यावर उभे. फुंकर मारली तर पडतील. हल्ली मला भिंगाशिवाय एवढंच अक्षर दिसतं, हेही खरं.

शुक्रवार, ७ जून

औषधांच्या दुकानात तेच पत्रक पाहिलं. मजकूर आमचा, अक्षरं परकी! मथळा नाजूक, वेलबुट्टी काढल्यासारखा. दुकानदार म्हणाला, "मागच्या गल्लीतल्या छापखान्यातून आलंय. तुमचे भागीदारच देऊन गेले."

पाणी मागून प्यायलो.

शनिवार, ८ जून

विचारू की नको? नको. भलतंच काही बोलून बसेन.

सोमवार, १० जून

विचारलंच. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर्ष झालं रे. तुझे डोळे गेलेत. छापलेल्यात चुका निघतात, गिऱ्हाईक परत करतं. मग मी बाहेरून छापून देतो. तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

घरी आलो. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, काकांनीच बजावलं होतं, तुम्हाला कळू द्यायचं नाही."

सून म्हणाली, "तुम्ही खुशीत होतात ना, म्हणून."

म्हणजे वर्षभर मी भातुकली खेळत होतो, आणि सगळे बघत होते. भागीदाराने केसाने गळा कापला – माझ्याच घरच्यांना हाताशी धरून.

मंगळवार, ११ जून

छापखान्यात गेलो नाही. शाईशिवाय हात दुसऱ्याचे वाटतात. सून दोनदा चहा ठेवून गेली. चुका माझ्या असतील तर तोंड कुठे लपवू?

गुरुवार, १३ जून

परत आलेले गठ्ठे छापखान्याच्या माळ्यावर पडून होते. मुलाला सांगून घरी आणवले. दुपारभर भिंग धरून एकेक कागद वाचला.

मथळे सगळे बरोबर आहेत. चुका आहेत त्या खालच्या बारीक ओळींत – उलटी अक्षरं, गाळलेले शब्द, एका ठिकाणी तीच ओळ दोनदा.

डोळे त्याचे गेलेत. नाव माझं सांगितलं.