गलबताचं सुकाणू माझ्या ट्रंकेत

२ मार्च, सोम.
माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस, लुगडंभर ढलप्या, आन् म्युझियमचा सायेब मलाच इचारतो, "सुतार कुठे आहेत?" ढलप्या काय मांजरानं काढल्या?
लेकाचा, दत्ताचा, हात पलस्तरात. त्यानं घेतलेलं काम मी करती. जुन्या काळचं लढाईचं गलबत, दोन हात लांब. म्युझियम उघडायच्या दिवशी तिथल्या हौदात तरंगलं पायजे.
सायेब हसला. "आजी, सोलापुरात समुद्र कुठाय?"
म्हनलं, "लाकूड समुद्रात उगवतं व्हय?"
चहा अर्धा टाकून गेला.

५ मार्च, गुरु.
सासू म्हनायची, बाईनं वाकसाला हात लावू नये. मालक वैरागच्या बाजाराला गेले की चाकाचे आरे कोन तासायचं? मीच. म्हातारीला ठावं हुतं. गुमान भाकरी वाढायची.
आज गलबताच्या फासळ्या बसवल्या. बाभळीच्या वाकड्या फांद्या, वाढल्या तशाच. सरळ लाकूड वाकवलं की कधी ना कधी उलगडतं.

११ मार्च, बुध.
वाटोळं. दाराच्या बसवतात तशा फळ्या घट्ट बसवल्या, काल आमच्या परसातल्या हौदात सोडलं. सकाळी बघती तर लाकूड फुगून पोटाची फळी निघालेली.
दत्ता लई हसला. "आये, दरवाजा केलास की!"
हसू दे. चाळीस वर्सं चाकं भिजवून घट्ट केली, आन् हितंच इसरले. सगळ्या फळ्या काढल्या. आता दोऱ्याएवढी फट, फटीत कापूस आन् राळ. हात चिकाट.

१९ मार्च, गुरु.
तरंगलं. तोफांसकट. दिसभर ठेवलं, आत थेंब न्हाय.
दत्ता नाक ओढत हुता. सर्दी म्हनला.

२० मार्च, शुक्र.
सायेब लई खूश. पिशवीतनं पितळी पाटी काढली. कारागीर म्हनून दत्ताचं नाव.
"तुमचं लिहिलं तर लोकांना खरं वाटणार नाही, आजी."
दत्ताकडं बघितलं. मान खाली. "आये, नाव घरातच हाय की."
घरातच. जन्मभर घरातच ऱ्हायलं.
उठले, सुकाणू उपसलं, ट्रंकेत घातलं. किल्ली कमरेला. "न्या आता गलबत."
न्हेलं न्हाय. हौदातच हाय, वाऱ्यानं गरागरा फिरतंय.
रविवारी उद्घाटन. सायेबाचा फोन येईल. दत्तानं उचलायचा न्हाय, सुनेनं न्हाय. मी उचलीन. पाटीवर नाव कोनाचं, ते सायेबानं सोत्ता मला सांगायचं.