दोन बोटं गंधोदक

कोल्हापूर,
शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,

जय जिनेंद्र. वाकून नमस्कार.

तुमचं क्षमावाणीचं कार्ड गुरुवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. यांचा, तुमच्या भूपालचा, गुडघा पावसात धरला होता, आता उघडीप मिळाल्यापासून परत चालायला जातात. ऐश्वर्याचं आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष सुरू झालं. तुम्ही बाल्कनीत लावलेली अबोली चांगली धरली आहे. मी पाणी घालते, पण माती मोकळी करायला तुमच्यासारखं जमत नाही.

ऐश्वर्याच्या लॅपटॉपचं कामही झालं. कंपनीनं बिघडलेल्याच्या बदल्यात नवीन दिला, पण तुम्ही पाडव्याला बिलासोबत घेतलेली तीन वर्षांची वॉरंटी जुन्याच्याच नंबरावर राहिली होती. नवीन बिघडला असता तर कुणी विचारलं नसतं. ती नव्यावर चढवून घ्यायला तीन गोष्टी लागत होत्या: बिल, जुन्याच्या तपासणीचा कागद, आणि खरेदीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर येणारा कोड. दुकानात नंबर विचारल्यावर तुम्ही किती ऐटीत सांगितला होतात, "माझा घाला की, भाचीला मी घेतोय." म्हणून ऑगस्टमध्ये तुम्हाला फोन करावा लागला.

"करावा लागला" असंच लिहून गेलं. खोडत नाही.

अक्का, फोनवर बोलताना माझा धीर होत नाही आणि समोर आले तर तुम्ही मला बोलूच देणार नाही, चहा टाकाल. म्हणून लिहिते आहे. लग्न ठरल्यावर तुम्ही मला पत्र पाठवलं होतं, आठवतं? "आमच्या घरी कुणी ओरडलं तर घाबरू नको, आमचं प्रेमही मोठ्यांदाच असतं." ते अजून माझ्या कपाटात आहे. त्याच कप्प्यात, साड्यांखाली, गेले चार महिने आणखी एक कागद होता. त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

महावीर जयंतीच्या सकाळी तुम्ही शुक्रवार पेठेतल्या बस्तीतून भगवंतांच्या अभिषेकाचं पाणी घेऊन आलात. नेहमीसारखं सगळ्यांच्या कपाळाला, डोळ्यांना गंधोदक लावलंत. मग ऐश्वर्याच्या टेबलापाशी गेलात आणि मिटलेल्या लॅपटॉपच्या झाकणावर दोन बोटं टेकवलीत. "ह्याला पण लावतो. पोरीचं सगळं ह्याच्यावरच हाय." ती हसली. मीही हसले.

चौथ्या दिवशी पडदा काळा झाला. ऐश्वर्याचं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, ती रडत होती. आणि मी तुमच्याकडे वळले. काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. मलाही आहे. "देवाचं पाणी देवळात ठेवायचं असतं. वस्तू पण तुम्हीच द्यायची आणि वाटोळं पण तुम्हीच करायचं." तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "दोनच बोटं लावली गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंथरुणाच्या घड्या घालून गडहिंग्लजची एसटी धरलीत. ज्यांच्यासाठी आमच्याकडे राहिला होतात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढची तारीख होती, तीही सोडलीत.

आता तुम्हाला माहीत नाही ते.

लॅपटॉप शाहूपुरीतल्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथं विश्वजित म्हणून एक आहेत, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी एक छापील कागद पुढं केला. लॅपटॉपवर पाणी, चहा, कोणताही द्रव सांडलेला नाही, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. ते म्हणाले, "बघा मॅडम, पाणी निघालं तर कंपनी हात वर करणार. खरं काय ते आत्ताच सांगा." मी सही केली. अजिबात हात थांबला नाही. घरी तुम्हाला पाण्यावरून बोलून अजून दोन दिवसही झाले नव्हते.

सही करताना मला वाटत होतं, आपण खोटं लिहितोय. मुलीसाठी एवढं चालतं, असंही वाटत होतं.

मेमध्ये तपासणीचा कागद आला. विश्वजितनी लॅपटॉपची मागची बाजू उघडून दाखवली. "पाणी-बिणी काय न्हाय मॅडम. पाण्याचा थेंब लागला तर ही पांढरी पट्टी लाल होती. ही बघा, कोरी हाय. बोर्डच सदोष आला होता कारखान्यातनं. हे आत्ता न्हाय तर दसऱ्याला जाणारच होतं." मी त्या पट्टीकडे बघत उभी राहिले. मी खोटं म्हणून जे लिहून दिलं होतं ते खरं निघालं, आणि खरं म्हणून तुम्हाला जे बोलले होते ते खोटं.

तो कागद घेऊन मी रिक्षात बसले. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. रिक्षा वळेपर्यंत मी ठरवलं, संध्याकाळी करू. संध्याकाळी हे विचारायला लागले, "काय निघालं? पाण्यानंच काय?" मी म्हणाले, "तसंच असणार. पण बदलून देणार आहेत." एवढं सोपं होतं ते. मग साड्यांखाली कागद गेला आणि रोज एक दिवस जास्त झाला.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. रागाच्या भरात बोलले, हे अर्धंच खरं आहे. तो लॅपटॉप आम्हाला घेऊन देता आला नव्हता अक्का, आणि तुम्ही तुमच्या शाळेतल्या नोकरीच्या फंडातून घेतलात. ऐश्वर्या तुमच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक चांगुलपणाखाली मी थोडी दबून बसायचे. तो बिघडला तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला कुठंतरी बरं वाटलं. तुमच्याकडूनही काहीतरी चुकलं म्हणून. ते मला सोडवेना.

जुलैत नवीन लॅपटॉप आला. वॉरंटीचं कळलं तेव्हा मी यांना म्हणाले, तुम्ही अक्कांना फोन करून कोड घ्या. हे म्हणाले, "फोन तूच कर की. अक्काला बोलताना मी होतो काय मधी?"

म्हणून मी केला. चार महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला तो असा. मी ख्यालीखुशालीसुद्धा विचारली नाही, सरळ म्हणाले, अक्का, तुमच्या फोनवर एक नंबर येईल. "थांब हं, चष्मा घेतो," म्हणालात. आधी बँकेचा निरोप वाचलात, मग विजेच्या बिलाचा. मग कोड सापडला आणि शाळेत अंकलेखन घालावं तसे एकेक आकडे सावकाश सांगितलेत, मधे थांबून, "लिहिलास काय?" असं विचारत. कशासाठी पाहिजे, हे विचारलं नाहीत.

शेवटी म्हणालात, "बरा झाला न्हवं लॅपटॉप?"

मी म्हणाले, "नवीनच दिला कंपनीनं."

"नवीन? म्हणजे जुना पारच गेला म्हण की." मग म्हणालात, "माझ्यामुळं तुम्हाला किती हेलपाटे गं आदिती."

अक्का, तपासणीचा कागद त्या वेळी माझ्या हातात होता. कोडाबरोबर तोच जोडायचा होता, म्हणून साड्यांखालून काढून टेबलावर ठेवला होता. "द्रवाचा संपर्क आढळला नाही" ही ओळ मला दिसत होती. आणि मी तुम्हाला काय म्हणाले?

"असू द्या अक्का. झालं ते झालं."

मी तुम्हाला माफ केलं.

मला वाटतं हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. बोलले ते राग होता, लपवलं ती भीती होती, पण हे मी शांतपणे, मोठेपणानं केलं. आणि तुम्ही "बरं बाई" म्हणालात, हायसं वाटल्यासारखं.

बुधवारी क्षमावाणीला, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायच्या दिवशी, मी सकाळीच मोबाइलवरून सगळ्यांना कार्ड पाठवून टाकलं, कमळाच्या चित्राचं, "उत्तम क्षमा" लिहिलेलं. कुणाकुणाला गेलं तेही बघितलं नाही. तुमच्या साध्या फोनवर ते जात नाही, म्हणून तुम्ही त्यात नव्हतात. दुसऱ्या दिवशी तुमचं कार्ड आलं, हातानं लिहिलेलं. "विशेषतः लॅपटॉपच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली तिची क्षमा असावी. आता मी गंधोदक घेऊन कुणाच्या दारात जात नाही. शेजारच्या बाळाबाई विचारत होत्या, त्यांनाही कारण सांगितलं."

बाळाबाई मला माहीत आहेत. पाय गेल्यापासून त्या बस्तीत जाऊ शकत नाहीत, सकाळी दार लोटून तुमची वाट बघत बसतात. तुमच्याकडे आले की मी बघायचे. म्हणजे गेले काही महिने त्या तशाच बसून असतात, आणि त्याचं कारण मी आहे, आणि त्यांना वाटतं तुम्ही आहात.

काल सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली तेव्हा मी तो कागद यांच्यापुढं ठेवला. यांनी दोनदा वाचला. "तारीख मे महिन्याची हाय," म्हणाले. मी हो म्हणाले. "आणि फोन ऑगस्टमधला." मी परत हो म्हणाले. हे ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ऐश्वर्या म्हणाली, "आई, त्या दिवशी मीपण आत्याच्या बाजूनं काही बोलले नाही." तिला ते जे वाटतंय, तेही मीच दिलेलं आहे.

सोबत दोन कागद पाठवते आहे. एक तपासणीचा, ती ओळ मी अधोरेखित केली आहे. दुसरा नव्या लॅपटॉपच्या वॉरंटीचा. मालकाच्या जागी तुमचंच नाव आहे, रत्नाबाई. ते बदलून माझं घालू का, असं विश्वजितनी विचारलं होतं. नको म्हणाले. त्या वेळी नीट कळलं नव्हतं का ते.

पुढच्या रविवारी, २९ तारखेला, मी सकाळच्या गाडीनं येते आहे, एकटी. मधले दिवस मुद्दाम ठेवले आहेत. हे वाचून तुम्हाला रागवायचं असेल, रडायचं असेल, यांना फोन करून मला नावं ठेवायची असतील तर माझ्या तोंडाकडे बघून ते आवरावं लागू नये. दार उघडायचं नसेल तरी चालेल. मी पायरीवर बसेन, बाळाबाईंच्या दाराकडे तोंड करून. लॅपटॉप कशानं बिघडला ते त्यांना मला सांगायचंच आहे. ते तुमच्यासमोर सांगता आलं तर बरं.

तुमचं गंधोदकाचं छोटं भांडं इथंच राहिलं होतं. घासून पिशवीत ठेवलं आहे.

एवढंच मागते अक्का. या पत्राला "असू दे" असं उत्तर देऊ नका. तो शब्द मी खोटा करून ठेवला आहे.

तुमची अपराधी,
आदिती