टपकू द्यायचं असतं

प्रिय सुमे,

तू म्हणशील, हातात फोन असताना ताईला पत्राची हौस कुठून आली? फोनवर बोललं की घरात ऐकू जातं, आमच्या दोन तर खोल्या. शिवाय बोलताना मी तुझ्याशी भांडून बसते अन् कामाचं राहून जातं. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

आधी भांडणच घे. आमच्या पुतणीच्या, अल्पनाच्या लग्नात तुझे यशवंतराव तो निळा शर्ट घालून आले, खिशावर नाव शिवलेलं, गळ्यात फोटोचं कार्ड. लग्नात कोणी कार्ड घालतं का गं? म्हणे, कामावरून सरळ आलो. पंगतीत आमच्या धारचेच लोक त्यांना घेरून बसले, “भिया, हमारी टंकी भी देख लो जरा.” आणि शेजारी आमचे हे खाली मान घालून श्रीखंड चाटत होते. अर्ध्या मोहल्ल्याचे नळ ज्यांनी बसवले, ते! यशवंतरावांच्या हातात पहिला पाना कोणी दिला? तुझ्या लग्नानंतर माझ्याच पोळ्या खाऊन ते यांच्या हाताखाली शिकले. मग देवासला जाऊन परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं, नि आता नव्या कॉलनीची, दवाखान्याची कामं त्यांनाच. तू स्कूटीवरून भाजी आणतेस. जळते मी, सुमे. तोंडावर म्हणवत नाही, म्हणून लिहिते.

हे म्हणायचे, “पाइपाला काय सर्टिफिकेट वाचता येतं?” मला ते इतकं आवडलं की नळावर, देवळात, जिथे गेले तिथे मी ते ऐकवत फिरले.

आता अण्णांचं ऐक, लग्नानंतरचं. आमच्या गल्लीतले रिटायर मास्तर. त्यांच्या गीझरच्या सेफ्टी वॉल्वमधून थेंब थेंब पाणी टपकायचं. अण्णांचा जीव त्या थेंबाथेंबात अडकलेला, रोज यांना हाक. शेवटी यांनी तिथे डाट, बाटलीला बूच मारतात तशी, ठोकून दिली. टपकणं बंद. अण्णा खूश, आलं घालून चहा पाजला. पुढे एका सकाळी अण्णा गीझर लावून दूध आणायला गेले अन् मागे गीझर फुटला. न्हाणीघराचं दार अंगणात येऊन पडलं, भिंत फाटली. दूधवाल्याकडे रांग होती म्हणून अण्णा वाचले, बाकी काही नाही.

नवा गीझर बसवायला अण्णांनी इंदूरहून कार्डवाला माणूस बोलावला. हे फाटकाशी उभे होते, आत जायची हिंमत नाही. तो माणूस जुनी डाट हातात धरून म्हणाला, “पाणी तापलं की दाब वाढतो, तो इथून सुटतो. याला टपकूच द्यायचं असतं. हे बंद करणाराला कोणी शिकवलंच नसेल.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अण्णा चांगले, त्यांनी नाव सांगितलं नाही. यांनी घरी येऊन पान्यांची थैली खाटेखाली सरकवली. तेव्हापासून कोणी बोलवायला आलं की मला सांगायला लावतात, धामनोदला गेलेत म्हणून. आत बसलेला माणूस, अन् मी दारात खोटं बोलते. रात्री उठून आमच्याच मोरीतला नळ चाचपून बघतात. हात तोच आहे गं, पण त्यांचा हातावरचा भरवसा गेला.

म्हणून लिहिते. जुन्या हातांचीही परीक्षा घेतात, आधी थोडं शिकवतात, कागद देतात, हे लग्नात यशवंतरावांच्याच तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मी मुद्दाम उठून गेले होते. आता त्यांनी यांना फोन करावा. परीक्षेचं नाव काढायचं नाही. म्हणायचं, “दादा, काम आवरत नाही, थोडे दिवस या.” एकदा देवासला आले की पुढचं त्यांनी बघावं. माझं नाव कुठे येता कामा नये. हे पत्र वाचून चुलीत घाल. गॅस असला तर फाड.

माझं जळणं यानं थांबेल असं समजू नकोस. ते टपकू दे, कोंडलं तर मीही फुटेन. आणि यांना यशवंतरावांपेक्षा जास्त मार्क पडले ना, तर निळा शर्ट घालूनच देवासच्या टेकडीवर देवीला नेईन, तुझ्या दारावरून. तू बाहेर येऊन बघायचंस.

तुझीच जळकी,
विनोदिनीताई