खणाची दुसरी किल्ली

प्रिय ठमाबाई,

पत्र तू नोकरी करतेस त्या औषधांच्या दुकानावर पाठवतोय, घरी नाही. का, ते सांगतो.

तुझी आई आणि मी हल्ली टीव्हीवर एक गुन्ह्यांची मालिका बघतो. त्यातला खलनायक भलताच डोकेबाज. बायकोच्या कुलूपबंद खणातल्या वस्तू गुपचूप काढून कुठेतरी ठेवतो. किल्ली तिच्याच गळ्यात, त्यामुळे बिचारीला वाटतं, आपल्यालाच भ्रम झालाय. आई म्हणाली, असं होऊ शकतं. मी उसळलोच. चाळीस वर्षं किल्ल्या कापतोय, मला शिकवू नकोस म्हटलं. दुसरी किल्ली आणणार कुठून? कुलपाचा मालक समोर नसताना शहाणा किल्लीवाला किल्ली घासायच्या कानशीला हात लावत नाही. असला मूर्ख फक्त मालिकेतच भेटतो, असं म्हणून मी टीव्ही बंद केला. आई दोन दिवस फुगून होती.

मग परवा तुझा फोन आला. खणात ठेवलेले कागद फ्रिजमागे सापडले, महिन्यात तिसऱ्यांदा, आणि किल्ली तर गळ्यातच. रडत म्हणालीस, उद्या कुणाला भलतं औषध दिलं तर? सोमवारी राजीनामा देते, हेही म्हणतात घरीच राहा. फोन ठेवला आणि उठून दुकान उघडलं.

पोरी, दीड महिन्यापूर्वी जावई माझ्या दुकानात आले होते. हातात छोटी पितळी किल्ली. म्हणाले, ती हल्ली फार विसरते, एक जास्तीची असू दे, तिला मात्र बोलू नका, वाईट वाटेल. घरचा माणूस म्हणून मी नियम मोडला. वर चहाही पाजला.

तुला माहीत आहे, मी आधी हलक्या पत्र्याची एक कच्ची किल्ली कापून बघतो आणि खिळ्याला अडकवतो. ती अजून तिथेच होती. सोबत पाठवतोय. एकटी असताना खणाला लावून बघ. लागू नये म्हणावं तर तू आजारी ठरतेस, लागावी म्हणावं तर तुझा संसार जातो. दोन दिवस जीव टांगणीला लागलाय. पण लागली, तर राजीनामा फाड आणि कुणाला काही न विचारता सरळ इकडे ये. तुझ्या खोलीला नवं कुलूप बसवलंय. त्याची किल्ली एकच आहे आणि ती आईकडे आहे, माझ्याकडे नाही.

तुझाच,
तो मूर्ख किल्लीवाला,
बाबा