बशीखालचे पैसे

१२ फेब्रुवारी १९५७, मंगळवार

आणि मी म्हणतो, भीक कशी? कोणाच्या दारात उभा राहिलो? पण आबांना हे सांगणार कोण! बारा रुपयांची मनीऑर्डर आज परत आली. पोस्टमन म्हणाला, "तुझ्या बापाने घेतली नाही रे. नको म्हणे." आमच्या हॉटेलच्या पितांबरशेठने पैसे गल्ल्यात वेगळे बांधून ठेवले आणि काही विचारलं नाही. ते बरं केलं.

चूक माझीच. दिवाळीत घरी फुशारकी मारली — आबा, हॉटेलात पगार वेगळा, गिऱ्हाईक खूश होऊन टिप ठेवतं ते वेगळं. आबांचा घास हातातच राहिला. "हात पुढे करस तू?" म्हटलं, हात नाही करत, बशीखाली ठेवून जातात. "मंग ते तं आखो वाईट. कुत्राले भाकर अशीच ठेवतस."

माय वाढत होती. पळीतली भाजी ताटाच्या बाहेर पडली. आबांच्या बोलण्याने नाही — तिला ताटच नीट दिसत नाही आता. धुळ्याला चष्म्याचे अठरा रुपये सांगितलेत. ते माहीत असून आबा पैसे परत पाठवतात.

१३ फेब्रुवारी

सुरतेला जावं. गिरणीत पगार असतो, बशी नसते.

२३ फेब्रुवारी, शनिवार

टिप कोणाचीही असो, बिस्किटाच्या डब्यात टाकायची आणि शनिवारी वाटायची, हा शेठचा कायदा. वाटेकरी दोघे. मी टेबलावर, तोतारामभाऊ भट्टीवर. आज पुन्हा बाचाबाची. मी म्हटलं, गिऱ्हाईक मला पाहून ठेवतं, माझे दोन वाटे. तोतारामभाऊ झारा हलवत म्हणाला, "तुला पाहून? उद्या भजी तळू नको म्हणतो. बघू तुझं थोबाड पाहून कोण काय ठेवतं."

खरं आहे ते. पण मी कबूल केलं नाही. शेवटी अर्धं अर्धं.

कुंदाबाई मागच्या मोरीत कपबशा विसळत होत्या. आमचं भांडण ऐकून हसत होत्या.

९ मार्च

आमच्याकडे बिलाचा कागद नाही. गिऱ्हाईक उठलं की मी टेबलावरून गल्ल्याकडे ओरडतो — "काळी टोपी साडेचार आणे!" काळ्या टोपीने तेवढे देऊन बाहेर पडायचं. नाव नाही, गाव नाही. टोपी, मिशी, छत्री, जे दिसेल ते.

आज अमळनेरच्या कॉलेजची चार पोरं. दोन प्लेट भजी, तीन चहा. सगळे मिळून नऊ आणे. चष्मेवाला म्हणाला, "चौघांत सारखे कर." चौथा मफलरवाला, काडीसारखा. चहा नको म्हणाला होता, नुसतं पाणी प्याला. भजं एकच खाल्लं, तेही दुसऱ्याने तोंडाशी धरलं म्हणून. आता खिशात हात घालून नुसता चाचपत होता. त्या खिशात काही नव्हतं, हे मला कळलं. मी घरून पळून आलो तेव्हा मीही असाच चाचपायचो.

मी ओरडलो — "चष्मा तीन, मिशी तीन, निळा शर्ट तीन! मफलर पुढे जाऊ द्या!"

मफलरने वळून पाहिलं. चष्मेवाल्याने तीन आणे मोजले. वर जाताना एक आणा बशीखाली ठेवून गेला.

ही भीक का आबा?

१ एप्रिल, सोमवार

आजपासून नये पैसे. सकाळपासून डोकं भणाणलंय. चहा एक आणा, म्हणजे सहा नये पैसे. पण चार चहा चार आणे, म्हणजे पंचवीस. एकेकट्याने दिले तर चोवीसच होतात. अडतीवरच्या हमालांना हे दुपारपर्यंत कळलं. चौघे आले, एका बाकावर बसले, एकमेकांच्या बशीतून प्याले आणि उठताना म्हणतात, "आम्ही एकमेकांना ओळखत नाही."

शेठ कपाळाला हात लावून बसले. तोतारामभाऊ भट्टीमागे खोकेपर्यंत हसला.

६ एप्रिल

डबा भरलेला दिसतो आणि आत काही नसतं. आधी आणा ठेवायचे, आता एक नवा पैसा ठेवतात. चकचकीत. कुंदाबाई म्हणाल्या, "माझ्या नातीला खेळायला दे एक." दिला. मग दिवसभर वाटत राहिलं, खेळायला कशाला, त्यांना हक्काचा का नाही? पण बोललो नाही. बोललो असतो तर माझा वाटा कमी झाला असता.

२ मे

आमच्या गावचा पुनाभाऊ सामान घ्यायला येतो, तो म्हणाला, सुरतेच्या गिरणीत पावसाच्या आधी माणसं घेणार आहेत. तिकिटाचे पाच रुपये पेटीत बाजूला ठेवले. गिरणीचे पैसे तरी आबा घेतील.

११ मे, शनिवार

आबा आले!

सरकी घ्यायला पुनाभाऊबरोबर जळगावला आले होते. दुपारी सरळ हॉटेलात. धोतर धुळीने लाल. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा. मग पाणी ठेवलं. "काय देऊ आबा?"

"बठ्ठास्ले देस तेच."

म्हणजे सगळ्यांना देतो तेच. दोघांना दोन चहा दिले. आबा चहा पिईनात, मलाच पाहत होते. मी कप उचलतो, टेबल पुसतो, ओरडतो. एका कपाखालून मी नवा पैसा काढला, तोही त्यांनी पाहिला.

नेमका डब्याचा दिवस. तोतारामभाऊने डबा उपडा केला. जुने आणे, नवे पैसे, सगळी खिचडी. मी एक हिशोब सांगतो, तो दुसरा. आवाज चढले. आबांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आबाच उठून आले. "सरक." खाली मांडी घातली, पागोटं गुडघ्यावर ठेवलं आणि नाणी निवडू लागले. गावात खळ्यावर धान्याची रास वाटायला आबांनाच बसवतात. तोच हात. आण्यांचे ढीग वेगळे, पैशांचे वेगळे. मग तीन वाटे केले.

तोतारामभाऊ म्हणाला, "आबा, आम्ही दोघेच."

"आन् जिना हात ओला शेतस ती?"

"तिला देत नाही आम्ही."

"मंग कप कोन धोस? तुना बाप?"

कुंदाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "राहू द्या हो भाऊ. मी तर मागे असते. मला कुठे कोणी पाहतं?"

आबा म्हणाले, "खळावर कुंभार बी मांगेच उभा ऱ्हास. त्याना वाटा कोनी बुडावस का? तो काय भीक शे?"

आणि बोलता बोलता थांबले. हातातलं नाणं हातातच. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "आधी तिले उचलू द्या."

कुंदाबाईंनी वाटा उचलला. हात खरंच ओला होता, दोन पैसे फरशीला चिकटून राहिले. ते तोतारामभाऊने नखाने काढून दिले.

मग आबा न् पुनाभाऊ निघाले. मला बिल ओरडायचं होतं. "लाल पागोटं सहा!" हा पुनाभाऊ. पुढे सुचेना. रोज इतकी पागोटी पाहतो, पण आबांचं पागोटं कसं आहे ते तोंडात येईना. ओरडलो — "आबा, सहा नये पैसे!"

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "कोणाचे आबा?"

"माझे."

शेठ उठून उभे राहिले. पैसे नको म्हणाले. आबांनी गिऱ्हाईकासारखे मोजून दिलेच. "चहा पेवाले उनूत. पाव्हना नही."

मी त्यांचा कप उचलायला गेलो. बशीखाली काही नव्हतं. असणार कसं! पण मनात कुठेतरी वाटलं होतं. वळलो तर आबा मागेच उभे. माझा हात धरला, फडकं बाजूला केलं आणि तळहातावर एक जुना आणा ठेवला. वरून मूठ मिटवली.

"मानूसले हातमा देतस. बशीखाल नही."

आणि पुनाभाऊच्या मागे चालू लागले. स्टेशनपर्यंत जायला हवं होतं मी. टेबलावर पाच गिऱ्हाईकं बसलेली.

१३ मे, सोमवार

मनीऑर्डर केली. परत आलेले बारा, माझ्या वाट्यातला एक, सुरतेच्या तिकिटाचे पाच. आबांचा आणा त्यात नाही, तो पेटीत आहे. कुपनावर लिहिलं — मायच्या चष्म्यासाठी, टिपाचे. रुपये अठरा.