धान कापल्यावर बांधी पोट्ट्यांची

लिहून देणार गोदावरीबाई धनीराम सेलोकर, धंदा शेती, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. वय आधार कार्डावर आहे ते खरे धरावे, माझ्या भावाने अंदाजे सांगितलेले आहे. मला अक्षरओळख नाही. हे माझे मृत्युपत्र मी बोलते आणि पवनीचे अर्जनवीस सचिन लिचडे लिहितात. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने कालचा बेसबॉलचा सामना मला विचारावा, कोणती पोर कशी बाद झाली ते सांगते.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा भुपेंद्र याला. घरातली भांडी सुनेला, कारण ती घासली तिनेच.

२. दोन्ही गायीसुद्धा भुपेंद्रलाच. मागल्या साली त्याने बोडीच्या तळ्याखालच्या बांधीत, त्या बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, उभ्या धानात, मला न सांगता लाखोरी डाळ फेकून पेरली. धान कापले तेव्हा ती हिरवीगार उगवून आलेली. मी गायी सोडल्या. त्या लाखोरीवर पोसलेल्या गायी त्याच्याच हक्काच्या होतात.

३. आता ती बांधी. धान निघाल्यावर गावातल्या पोरी तिथे बेसबॉल खेळतात. शाळेचे मैदान पोरांच्या क्रिकेटने अडवलेले असते, पोरींना दुसरी सपाट जागा नाही. धानाचे तनस भरलेल्या खताच्या चुंगड्या, म्हणजे गोण्या, तीन कोपऱ्यांत ठेवतात आणि चौथ्या कोपऱ्याला, त्यांच्या ‘घरा’च्या जागी, माझा जेवायचा पाट पुरला आहे. तो कोणी उपटू नये.

भुपेंद्र म्हणतो, “माय, चेंडू पाहून पोट भरते का?” मी म्हटले, “तू टीव्ही पाहून जेवतो, तवा पोट भरते का म्हणून मी विचारलं का तुले?”

सचिनला वाटते कारण लिहायची गरज नाही. मला वाटते. या खेळात कितीही लाडाची पोर असली तरी तिला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि कितीही कच्ची असली तरी तिची पाळी येतेच. माझ्या नात्यात असे एकही घर मी पाहिले नाही. शिवाय त्यात घड्याळ नाही. शेवटची पोर बाद होत नाही तोवर हरलो म्हणायचे नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून बसले की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही.

पहिल्यांदा मी शेजारच्या मालनबाईची नात अंजू हिला मुद्दाम बाद होताना पाहिले. जोराने मारायचे सोडून तिने चेंडू नुसता पुढ्यात टेकवला. मी ओरडले, “अवं, काहून मरतेस फुकट?” पुढच्या चुंगडीवर धावत पोचलेली माझी नात डिंपल तिथूनच म्हणाली, “आजी, ती मले पुढं पाठवून राहिली.” त्या दिवसापासून मी सामना चुकवला नाही.

संक्रांतीला पवनीच्या पोरींशी सामना होता. शेवटी डिंपल तिसऱ्या चुंगडीवर असताना अंजूने तसाच चेंडू टेकवला. पहिल्या चुंगडीवर ती बाद झाली. चेंडू तिथून घराकडे फिरला, आणि डिंपल घसरत पाटावर आली. खेळाच्या मॅडमनी हात आडवे पसरले: पोचली. त्या एका धावेने आम्ही जिंकलो. सगळे नाचत असताना मालनबाई एकटी उठून म्हणाली, “आऊट होती.” तेव्हापासून आमचे बोलणे भांडणापुरतेच आहे.

४. बांधी भुपेंद्रच्या नावे होईल आणि धान सगळे त्याचे. शर्त एकच. धान कापल्यापासून रोवणीसाठी नांगर लागेपर्यंत बांधी पोरींची. त्यात लाखोरी पडली तर बांधी त्याच दिवशी डिंपलची होईल. भुपेंद्र, बापा, रागावू नको. तुझीच पोरगी आहे, लांब जात नाही.

५. ही शर्त पाळली जाते की नाही हे पाहायला व्यवस्थापक म्हणून मालनबाईला नेमते. सचिनने लिहिणे थांबवले. “आजी, तिच्याशी तर तुमचं भांडण आहे!” म्हणूनच, बाबू. स्वतःच्या नातीने मरून मिळवलेला विजय जी खोटा म्हणते, ती भुपेंद्रच्या चहाला भुलणार नाही. माझ्यामागे धुऱ्यावरची माझी छत्री तिने घ्यावी. तिची गळते. तिच्या मागे हे काम अंजूकडे.

६. कपडे धुवायची मोगरी डिंपलला. बॅट मिळायच्या आधी पोरी तिनेच खेळल्या. तडा गेला आहे, तो माझ्या लुगड्यांनी गेलेला नाही.

सगळे मला वाचून दाखवले, माझेच बोलणे आहे.

मुक्काम कोंढा, दिनांक २ मार्च २०२५.

गोदावरीबाई धनीराम सेलोकर, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: कवडू मेंढे, सही.

साक्षीदार: मालनबाई तेजराम हटवार, अंगठा. तिच्या आग्रहावरून तिचे शब्द जसेच्या तसे: “गोदावरीनं माझ्यासमोर सांगतलं, माझ्यासमोर अंगठा लावला. मी हाय तोवर त्या बांधीत लाखोरीचा दाणा पडू देत नाही. छत्री आत्ता नको, तिनंच धरावी, अजून लई वर्सं. पण पोट्टी आऊटच होती.”