न्यूट्रलची नोंद

प्रिय ठमाबाई,

तुझं पत्र मिळालं. ‘काका, झालं ते झालं, मी सही करून टाकते,’ हे वाक्य तीनदा वाचलं आणि चष्माच आपटला. अगं, सही कशावर करतेस ते तरी बघ!

कंपनीच्या कागदात लिहिलंय की तुझ्या बाबाने, म्हणजे दादाने, क्षमतेबाहेर भार जोडला म्हणून केबल जळाली. साफ खोटं. तिन्ही फेजवरचा भार मर्यादेतच होता. चौकशीच्या साहेबांना चार वेळा समजावलं: कॉम्प्युटर आणि एलईडी दिवे वीज सलग घेत नाहीत, हिसके देऊन ओढतात. त्यातून हार्मोनिक प्रवाह तयार होतात. तीन फेजचे साधे प्रवाह न्यूट्रल तारेत, म्हणजे परतीच्या सामाईक तारेत, एकमेकांना खोडतात. या हार्मोनिकांतल्या काहींची मात्र तिथे बेरीज होते. त्यातून काम काहीच होत नाही, तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. आमची न्यूट्रल तर फेजच्या निम्म्या जाडीची. साहेब म्हणाले, ‘सोप्या भाषेत सांगा.’ याहून सोपं काय सांगू, डोंबल!

दादाला ते हातानेच कळलं होतं. पॅनेलच्या दारावर तळवा ठेवून म्हणाला, ‘शहाण्या, ही तापतेय.’ मी मीटर लावला. आकडा मर्यादेच्या आत. म्हटलं, मीटर खोटं बोलतो का? ‘मग माझा हात खोटा?’ म्हणाला आणि हसत जेवायला गेला. मी वहीत ‘सर्व ठीक’ लिहिलं. नवव्या दिवशी धूर आला. मेन स्विच बंद करायला तो आत गेला, तो परत आलाच नाही.

आता जे चार वेळा बोलूनही साहेबांना सांगितलं नाही, ते तुला सांगतो. तो जुना मीटर असा वेडावाकडा प्रवाह बराच कमी दाखवतो, हे मला ठाऊक होतं. अचूक मोजणारा मीटर स्टोअरमध्ये होता. त्यासाठी अर्ज भरून दोन जिने उतरावे लागतात. मी कंटाळा केला. चौकशीत विचारलं, मीटर कोणता वापरला, तर ‘आठवत नाही’ म्हणालो. उद्या सकाळी खरं काय ते लेखी देतोय. तोवर सही करू नकोस. नंतर मला काका म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आज तरी तुझाच,
काका